वधूचा होकार

सन १९७१, महिना ऑगस्ट, पावसाळा ऐन भरात होता. आमच्या तालुक्याच्या कॉलेजात विद्यार्थी-मंडळाच्या सेक्रेटरीची निवडणूक होती आणि ती घेण्याचे काम ख्रिस्ती प्राध्यापक थिओफिल अमोलिक यांच्याकडे होते. एक उमेदवार कुसुम ढोकणे, दुसरा संस्थेचे चेअरमन नलावडे यांचा पुतण्या.

चेअरमन भर सभेत उठले. “मतदान कशाला? पुतण्याच्या नावाला ज्याची हरकत असेल, त्याने उभे राहावे.”

त्यांच्याविरुद्ध बोलणाऱ्याचे वसतिगृह सुटत असे. कुसुमसुद्धा बसून राहिली.

“झाले, सर. सगळ्यांचा होकार आहे. जाहीर करा,” चेअरमन अमोलिक सरांना म्हणाले.

“साहेब, आमच्या ख्रिस्तमंदिरात लग्नाआधी तीन रविवार विचारतात, कोणाची हरकत आहे काय? सारे गप्प असतात. पण तेवढ्याने लग्न लागत नाही. वधूला स्वतःच्या तोंडाने ‘होय’ म्हणावे लागते.”

“मग विचारा की वधूला,” चेअरमन हसले.

अमोलिक सर विद्यार्थ्यांकडे वळले. “या मुलाला आपला सेक्रेटरी म्हणून पत्करता काय?”

सभागृह मघाइतकेच गप्प राहिले.

“वधू काही बोलत नाही, साहेब,” सर म्हणाले. “हे लग्न मला लावता येणार नाही.”

शनिवार, २८ ऑगस्ट रोजी चिठ्ठ्या टाकून रीतसर मतदान झाले आणि कुसुम ढोकणे सेक्रेटरी झाली.