नगरसेवकांचा एकच प्रश्न

इस्राएलच्या वाळवंटातल्या एका गावात दवाखान्याची रीत साधी होती. आल्या आल्या "शेवटचं कोण?" असं विचारायचं आणि त्या माणसाच्या मागे नंबर धरायचा. कोकणातून तिथे जाऊन स्थायिक झालेल्या सिगुलाबाई चेऊलकर दुखरा गुडघा चोळत सकाळपासून ताटकळल्या होत्या. त्यांचा नंबर लागला, तोच नगरसेवक आमनोन ऐटीत दाराशी घुसले.

"मला रांग-बिंग नको. डॉक्टरांना फक्त एकच प्रश्न विचारायचाय!"

सिगुलाबाईंनी काठी दारात आडवी धरली.

"विचारा की! पण इथे प्रत्येकाचा पहिला प्रश्न ठरलेला असतो. तुमच्याकडे तर एकच आहे, मग तोच विचारून टाका."

"कोणता?" नगरसेवक गुरगुरले.

"शेवटचं कोण?"

सगळा दवाखाना खदखदून हसला. कोपऱ्यातल्या आजोबांनी हौसेनं हात वर केला. "मी! या साहेब, बसा माझ्यामागे."