चपलांखालची माती

"दिवस मावळायच्या आत नाचगल्ली रिकामी करा!" राजा दुर्जयसिंहाने हुकूम सोडला.

राज्यात एचआयव्ही शिरला होता. तो कुठे पसरतोय हे न बघताच दरबारातल्या म्हाताऱ्या मंत्र्यांनी मिशा पिळून ठरवलं, "नाचणाऱ्या बायकांमुळेच!" वरचे केस पिकले म्हणजे आतही काही पिकलं असेल, असं थोडंच असतं!

चांगुणा त्याच गल्लीतली. आईला बोचकं बांधताना पाहून ती तडक दरबारात घुसली. "महाराज, आजार दुसरीकडेच असला तर?"

"मग कुठे ते संध्याकाळपर्यंत दाखव!" राजा गुरगुरला. "पण रोग्यांना काही विचारायचं नाही, एकाचंही नाव घ्यायचं नाही! नाव फुटलं तर दवाखान्यात कुणी फिरकणार नाही. जमलं, तर कंडोमची गाडी आणि तपासणीचा तंबू तू म्हणशील तिथे!"

चांगुणाने पदर खोचला. "एक झाडू द्या."

म्हातारे खो खो हसले.

या आजाराचं औषध देणारा दवाखाना एकच. आत जाताना सगळे पायरीशी चपला काढत. चांगुणा दिवसभर चपला झटकत बसली. मान वर करून कुणाचं तोंड म्हणून पाहिलं नाही.

संध्याकाळी तिने भर दरबारात माती ओतली.

"ही दवाखान्याच्या पायरीवरच्या चपलांची माती. हा मोठा ढीग लाल मुरमाचा. असा मुरूम फक्त गाडीतळावर. ही चिमूटभर पांढरी माती आमच्या गल्लीची. आणि ही ओंजळभर पिवळी वाळू..."

"ही तर मंत्रीबागेतली, माझे पाचही मंत्री राहतात तिथली!" राजा ताडकन उठला.

"नोकरांच्या चपलांची असेल!" थोरले मंत्री त्र्यंबकपंत किंचाळले.

"बागेत नोकरांनी अनवाणीच फिरायचं, हा नियम तुमचाच ना, आजोबा?"

"खोटारडी! कुणाच्या चपला होत्या ते सांग!"

"महाराजांनी नाव घ्यायची बंदी केलीय. ती उठवायला सांगा, घेते!"

"नको!" पाचही म्हातारे एकसुरात ओरडले.

राजा बघतच राहिला. "अरे, ती बोलत होती एकट्या पंतांशी! तुम्ही चौघं का ओरडलात?" आणि तो असा हसत सुटला, की पगडी घरंगळत मुरमात जाऊन पडली.

नाचगल्लीचा हुकूम तिथेच फाडला गेला. कंडोमची गाडी गाडीतळावर गेली, वाटेत नाचगल्लीचा वाटा उतरवून. राजाने हातातलं सोन्याचं कडं चांगुणाच्या हातात घातलं, आणि तपासणीचा तंबू मंत्रीबागेत ठोकायला खुद्द त्र्यंबकपंतांना पिटाळलं!