झिपऱ्याचा सूर

माळावर कोल्ह्यांचेच राज्य होते, तेव्हाची गोष्ट. त्यांच्या गायन मंडळाचे बहिरे संचालक बगळेबुवा निवृत्त झाले आणि त्यांच्या जागी साळुंकीबाई आल्या. बाईंनी प्रत्येकाला एकट्याने गायला लावले. तेव्हा उघड झाले, की मागच्या रांगेतला झिपऱ्या कोल्हा वर्षानुवर्षे नुसतेच तोंड उघडत होता. मंडळाबाहेरच्या कोल्ह्याला माळावर थारा नसे.

"लबाडा, गात का नाहीस?" अध्यक्ष गुरगुरले.

"माझा सूर लागत नाही, काका. मला तो कळतो."

"आणि आमचा?"

झिपऱ्याने कान पाडले.

"संगीत समजणारा हा एकच सभासद आहे. याला ठेवा," बाई म्हणाल्या.

मंडळाने एकमताने दोघांनाही काढले. झिपऱ्याच्या पाठीवर बसून बाई निघाल्या. मंडळाचे गाणे ऐकू येणार नाही अशी जागा ती दोघे अजून शोधत आहेत.