घुशीचा खड्डा

जंगलाचा स्वतःचा बाजार भरायचा, त्या काळची गोष्ट. धान्याच्या कोठारापुढे गाडी लागली की तिचा तळ हमाल गाढवांच्या छातीला यायचा. एकदा पोतं वर चढवताना म्हातारं गाढव कोसळलं.

"अख्खं कोठारच उंच बांधू," मुकादम हत्ती म्हणाला.

"त्यापेक्षा मला दारापुढं खणू द्या," घूस म्हणाली.

"कोठारं पोखरणारी तू!" सगळे हसले. पण हत्तीने पडलेल्या गाढवाकडे पाहिलं. "खण," तो म्हणाला.

घुशीने अलगद उताराचा, तळाशी सपाट खड्डा खणला. बैलांनी गाडी मागे रेटत त्यात उतरवली. म्हातारं गाढव पोतं घेऊन कोठारातून सरळ चालत निघालं आणि थबकलं.

"मुकादम, गाडी कुठं लावलीय?"

"आजोबा," हत्ती हळूच म्हणाला, "तुम्ही गाडीतच उभे आहात."