राखेत निवलेला गज

गावच्या मंडळाच्या लोकांनी गोष्ट सांगा म्हणत सलग दोन रविवार दारात ठाण मांडलं, म्हणून सांगतो. चुंबकाची गोष्ट सांगावी एवढं माझं शिक्षण नाही, आणि हल्ली ऐकणाऱ्यांना तात्पर्य आधी हवं असतं. ते आधी मिळणार नाही.

एकदा एक वृद्ध मिस्त्री होता. विजेच्या जळलेल्या मोटारींचं वाइंडिंग, म्हणजे आतली तांब्याची तार, नव्यानं भरून देणं हा त्याचा व्यवसाय. त्याच्या हाताखाली एक शिष्य कित्येक वर्षं राबत होता. येत्या दसऱ्याला दुकान तुझ्या हवाली करतो, असा शब्द म्हाताऱ्यानं त्याला दोनदा दिला होता. आणि दोन्ही वेळा यंत्रांची पूजा उरकल्यावर म्हाताराच पुन्हा मालकाच्या स्टुलावर बसला. इकडे शिष्याची सोयरीक अडून होती. हाताखालच्या माणसाला मुलगी द्यायची कशी, असं मुलीचा बाप स्पष्ट म्हणत असे.

एके दिवशी डाळमिलवाला व्यापारी आला. तुरीतून खिळे, तारांचे तुकडे येत आणि मिलचे दगड फुटत. त्यानं बाजारातून साधं चुंबक आणून पन्हळीवर टांगलं होतं. ते खिळे धरायचं खरं, पण सोडायचं नाही. आणि गुच्छ जड झाला की नेमका डाळीतच पडायचा. विजेवरचं चुंबक करून द्या, म्हणाला.

मिस्त्रीनं शिष्याकडे पाहिलं. "हे तू कर. जमलं तर दसऱ्याचं बघू."

शिष्यानं जीव ओतला. आतल्या गाभ्यासाठी ट्रकच्या कमानीचा पाटा निवडला, कारण त्याहून कडक लोखंड दुकानात नव्हतं. त्यावर तांब्याची तार अशी गुंडाळली, की दोन फेऱ्यांत नख शिरू नये. बॅटरी जोडताच खिळे उडून चिकटले. पोरानं गुरूला मागं टाकलं, असं व्यापारी बोलूनही गेला.

मिस्त्रीचं तिकडे लक्षच नव्हतं. त्यानं बटण बंद केलं आणि वाकून पाहात राहिला. काही खिळे पडले. बाकीचे वटवाघळांसारखे लटकून राहिले. मग त्यानं सगळी तार उलगडली, पाटा बाजूला टाकला आणि भंगारातून मोडक्या खिडकीचा गज काढला, गुडघ्यावर वाकेल इतका मऊ. तो भट्टीत लाल केला. शिष्यानं पाण्याची बादली पुढे केली. तापलं लोखंड पाण्यात विझवतात, हे कोणीही सांगेल. म्हाताऱ्यानं बादली पायानं सारली आणि गज राखेत पुरला.

"निवू दे सावकाश."

व्यापारी हसला. शिष्याला वाटलं, हाही दसरा गेला.

दुसऱ्या दिवशी गज थंड झाल्यावर त्यावर तीच तार चढवली. बटण दाबताच खिळे झेपावले; बंद करताच सगळे एका आवाजात डब्यात पडले. एकही मागे राहिला नाही. असं का, हे शिष्यानं खालमानेनं विचारलं.

"कडक लोखंडाला एकदा शक्ती मिळाली, की ते ती दाबून बसतं," मिस्त्री म्हणाला. "वीज गेली तरी म्हणतं, मी चुंबकच. मऊ लोखंड वीज आहे तोवर जीव तोडून धरतं, वीज गेली की पुन्हा साधा गज. त्याच्या जिवावर जग चाललंय, बाबा. दारावरच्या घंटीची हातोडी टोला देऊन मागे फिरते ती त्याच्यामुळं. भंगारातली क्रेन अख्खी मोटारगाडी उचलते आणि हवी तिथं ठेवते, तीही त्याच्यामुळं. उचलायला वीज पुरते. ठेवायला लोखंडच तसं लागतं."

बोलता बोलता तो थबकला. बाजूला पडलेल्या पाट्याला अजून दोन खिळे चिकटून होते. त्यांच्याकडे तो बराच वेळ पाहात राहिला.

तेवढ्यात एक बाई जळका मिक्सर घेऊन आल्या आणि सवयीनं म्हाताऱ्यापुढं ठेवू लागल्या. म्हातारा स्टुलावरून उठला, गुडघे धरत बाहेर आला आणि गिऱ्हाइकांच्या बाकावर टेकला.

"मालकांना विचारा," तो म्हणाला.

मालक कोण, हे शिष्याला क्षणभर उमगलंच नाही. मग त्यानं हात पुसले आणि मिक्सर जवळ ओढला. दसऱ्याला अजून अवकाश होता.

पदावर बसलेल्यानं आपण पाटा की गज, हे वीज गेल्यावर तपासावं. मुदत संपून वर्ष झालं तरी पाणीवाटप संस्थेचं दप्तर ज्यांच्या घरून हलत नाही, आणि ते मागितलं म्हणून भर सभेत मला अडाणी म्हटल्याची माफी ज्यांच्याकडून अजून यायची आहे, त्यांनी तर आजच तपासावं: रंगनाथराव सोनटक्के यांनी.