नाम्कुंड्याचं पालथं उखळ

त्यावर बसू नका, पाहुणे. इकडे चटईवर या. वेशीतलं हे पालथं उखळ निरोप घेऊन आलेल्या माणसासाठी आहे. लाकूडच ते, वाळवी लागते. मग गावातल्या बायका नवं कोरून घेतात आणि त्यात एक दाणाही न कांडता इथे आणून पालथं घालतात. शेजारची गावं आम्हाला आडमुठी म्हणतात. कारण आमच्याकडे पाणी, चटई, खुशाली सगळं नंतर. आधी विचारतो, काय बिघडलंय?

पूर्वी असं नव्हतं म्हणे. सरोवराच्या या काठाला नाम्कुंड्याइतकं रीतीचं गाव दुसरं नव्हतं. आलेल्याने बसायचं, टाळ्या वाजवायच्या, मग यजमान एकेकाची खुशाली विचारणार आणि पाहुणा प्रत्येक वेळी 'बरं आहे' म्हणणार. घरात प्रेत असलं तरी 'बरं आहे'. खरं काय ते विचारपूस आटोपल्यावर. जावयाला तर आणखी जाच. आमच्यात लग्नानंतर मुलगा बायकोच्या गावी राहायला येतो. त्याने सासूसमोर यायचं नाही, तिच्याशी बोलायचं नाही. काय सांगायचं ते बायकोच्या मामाला, कारण घराचा कारभारी मामा.

त्या काळी इथे नाबांदा नावाची सुईण होती. अडलेलं मूल फिरवण्यात तिचा हात धरणारं कोणी नव्हतं, असं सांगतात. झिओने नावाची तिची लेक दिवस भरत आलेले असताना नवऱ्याबरोबर नदीपलीकडच्या मळ्यात ज्वारी राखायला गेली होती. तिथेच तिला कळा सुरू झाल्या. मूल आडवं होतं. तिचा नवरा लिम्बानी सासूला आणायला धावत सुटला.

मामा चिपेता झाडाखाली म्हाताऱ्यांबरोबर ज्वारीची दारू पीत बसला होता. लिम्बानीने तोंड उघडलं तोच मामा म्हणाला, "बसायला शिकवलं नाही का रे तुला घरी?" एका चुकीवरून जावयाला कायमचं परत धाडत तेव्हा. लिम्बानी बसला. टाळ्या वाजवल्या.

"शेळ्या कशा आहेत?"

"बऱ्या आहेत."

"पीक?"

"बरं आहे."

"आणि आमची पोर?"

"बरी आहे," लिम्बानी म्हणाला. दुसरं काही म्हणायची सोयच नव्हती.

कुडाच्या पलीकडे नाबांदा कांडत होती. तिने ते ऐकलं, पण मुसळ थांबलं नाही. मग मामाने दारूचा भोपळा सगळ्यांत फिरवला, शेवटचा घोट स्वतः घेतला, तोंड पुसलं आणि विचारलं, "हं, कशाला आलास?"

नाबांदा मळ्यात पोचली तेव्हा झिओने गेली होती. मूलही गेलं होतं.

मग गाव निवाड्याला बसलं. जावई रीतीने वागला, मामा रीतीने वागला, सासू पुढे आली नाही तेही रीतीला धरूनच. दोष कुणाचाच नाही, असं ठरलं. म्हातारे हायसं वाटून उठायला लागले. मेल्यांना लाज कशी वाटली नाही, मला आजही कळत नाही.

तेव्हा नाबांदा आयुष्यात पहिल्यांदा जावयासमोर येऊन उभी राहिली. त्याने मान खाली घातली.

"वर बघ," ती म्हणाली. "तू बरी म्हणालास, पण तुला धाप लागली होती. ती मी ऐकली. बाप होणारा माणूस अशा धापा कधी टाकतो, ते मला कळत नाही होय? कळलं होतं मला. सासूने पुढे यायचं नसतं, म्हणून मी कांडत राहिले."

तिने आपलं उखळ गडगडत वेशीपर्यंत नेलं आणि पालथं घातलं. तिच्यामागून बाकीच्या बायकांनीही घातली. गावात पीठ मिळेना. पुरुषाने उखळावर बसणं म्हणजे अब्रू घालवणं, आणि बायकांची अट तीच होती. तरी शेवटी पोटाने चिपेताला तिथे आणून बसवलं. यापुढे निरोप आधी आणि जावयाला सासू स्वतः सामोरी जाईल, हे त्याने त्या उखळावर बसून कबूल केलं. बायकांनी आपापली उखळं उचलून नेली, नाबांदाचं मात्र तिथेच राहिलं. लिम्बानीला लोक राहा म्हणाले. बायको गेल्यावर जावयाचं इथे काय उरतं? तो निघून गेला. शहाणपण आम्हाला आलं, त्याला काय मिळालं?

आजही जावई वेशीत दिसला की सासू हातातलं टाकून धावते. आणि आजही नाम्कुंड्यात कुणाच्या लेकीची चौकशी केलीत, तर 'बरी आहे' असं तिची आई सांगणार नाही. बरी असली तरी.