शांत पेटीचा आजार

एकदा एका मधपाळाने आपल्या बायकोचे उपचार अर्ध्यावर सोडून द्यायचे ठरवले. त्याचे नाव गेनू आणि तिचे सगुणा. डोंगरउतारावरच्या एका लहान गावात ती दोघे राहत. सगुणाच्या मानेत गाठ आली होती आणि तपासणीत ती कर्करोगाची निघाली. जिल्ह्याच्या दवाखान्यात तिला किरणांचे उपचार सुरू झाले. गावाकडची माणसे त्याला शेक म्हणतात. पस्तीस शेक सांगितले होते. सोमवार ते शुक्रवार रोज एक, मग दोन दिवस विसावा. सतरा झाले होते.

गाठ आली तेव्हा ती दुखत नव्हती. चिंचोक्याएवढी होती ती लिंबाएवढी झाली, तरी सगुणा जेवत होती, शेजारणीशी भांडत होती, ओढ्यावरून धुणे धुऊन आणत होती. शेक सुरू झाल्यावर तिसऱ्या आठवड्यात मात्र मानेची कातडी काळवंडली, घसा आतून सोलून निघाला आणि गाठीची जागा सुजून गरम लागू लागली. पेजेचा घोट गिळताना तिच्या डोळ्यांतून पाणी येई. गेनू वाटी धरून समोर बसे आणि तिचा घोट खाली उतरेपर्यंत स्वतःचा श्वास रोखून धरी. शुक्रवारी दवाखान्यातून परतताना त्याने मनाशी ठरवून टाकले, की सोमवारी दवाखान्याला न्यायची गाडी दाराशी आली की ती रिकामीच परत पाठवायची.

गावात मधमाश्यांच्या पेट्या राखणारा एक वृद्ध होता. गेनू बारा वर्षे त्याच्या हाताखाली शिकत होता. शनिवारी सकाळी तो त्याच्याकडे गेला आणि म्हणाला, "आबा, सोमवारपासनं मी पेट्यांवर येतो."

"आन् सगुणाची गाडी?"

"बास झालं आता. बघवत न्हाई. शेकाच्या आधी ती गाठ निदान गप तरी होती."

वृद्धाने त्याच्याकडे पाहिले, पण वाद घातला नाही. कोपरीची बाही सारखी करत तो उठला. "चल, जांभळीखालची पेटी बघायची हाय."

"तिला काय झालंय? सगळ्यात शांत पेटी ती."

"म्हणूनच बघायची."

पेटी उघडली. खरोखरच आत गडबड नव्हती. माश्या पोळ्यावरून संथपणे येत-जात होत्या. वृद्धाने एक चौकट अलगद बाहेर काढली आणि उजेडात धरली. पोळ्याची बहुतेक घरे मेणाच्या झाकणांनी बंद होती, कारण आत अळ्या वाढत होत्या. काही झाकणे किंचित खचलेली दिसत होती. माश्या त्या झाकणांवरून पुढे निघून जात होत्या. एकही थांबत नव्हती.

वृद्धाने खिशातून बारीक सुई काढली आणि खचलेल्या झाकणांतून ती आत टोचली. एक घर, दुसरे, तिसरे. अशी बारा घरे त्याने टोचली.

"आबा, आत पिल्लं हायत त्यांची," गेनू घाबरून म्हणाला.

"ठाऊक हाय."

त्याने चौकट जागेवर ठेवली. थोडा वेळ काहीच घडले नाही. मग पेटीतून बारीक गुणगुण उठली. ती वाढत गेली आणि बघता बघता सगळी पेटी घुमू लागली. माश्या झाकणांभोवती गर्दी करू लागल्या. काही वर उसळल्या. दोघी वृद्धाच्या मनगटाला डसल्या.

गेनूचा हात बारा वर्षांच्या सवयीने धुराच्या डब्याकडे गेला. माश्या खवळल्या की धूर द्यायचा, हे मधपाळाला शिकवावे लागत नाही. धुरात त्यांना एकमेकींचा वास लागत नाही आणि त्या निवतात. पण वृद्धाने त्याचा हात धरला.

"धूर नको."

"खवळल्यात त्या."

"बारा वर्षं झाली रं. माशी खवळली आन् माशी जागी झाली, यातला फरक अजून कळंना व्हय तुला?"

"आन् पेटी सोडून गेल्या तर? ही जात लहरी. लई छेडलं की उठून जाती."

"जातील बी," वृद्ध शांतपणे म्हणाला. "म्हणून तर बाराच टोचली. सबंध चौकट टोचली असती, तर गेल्याच असत्या. आता झाक ती. उद्या ये."

त्या दिवशी गेनूचे कशात लक्ष लागले नाही. सगुणा भिंतीला टेकून बसली होती, मान एका बाजूला धरून. तिच्याकडे पाहिले की त्याला पेटी आठवे आणि पेटी आठवली की तिची मान. आपण सुई टोचू दिली हेच चुकले, असे त्याला वाटत राहिले.

रविवारी उजाडताच तो जांभळीखाली पोचला. वृद्ध आधीच तिथे आला होता. माश्या गेल्या नव्हत्या. पेटीच्या तळफळीवर मेलेल्या अळ्या पडल्या होत्या आणि दोन माश्या त्यातली एक ओढत दाराकडे नेत होत्या. वृद्धाने चौकट काढून त्याच्यापुढे धरली. टोचलेली बारा घरे उघडून, चाटून स्वच्छ केलेली होती. आणि त्यांच्या शेजारची, सुई न लागलेली तीन खचलेली घरेही माश्यांनी आपण होऊन उघडली होती.

गेनूने ती रिकामी घरे एकेक करून मोजली.

वृद्ध म्हणाला, "आजारी अळी त्यांच्याच घरची. वास घरचा, झाकण घरचं. माशी वरनं जायची आन् आपलंच म्हणून पुढं सरकायची. सुईनं झाकण फुटलं, आतला वास भाईर आला, तेव्हा त्यांना कळलं. साफ केलं ते त्यांनी. मी फक्त खूण करून दिली."

चौकट जागेवर ठेवत तो पुढे म्हणाला, "मागल्या बुधवारी तू तालुक्याला अडकला होतास, तेव्हा सगुणाला मी घेऊन गेलो होतो. तिथल्या डॉक्टरीणबाईंना विचारलं, ह्या किरणांनी व्हतं तरी काय. त्या म्हणाल्या, किरण आत शिरून गाठीच्या पेशी मोडतो, हे तर हायच. पण आपल्या रक्तात राखणदार असत्यात. गाठ आपल्याच अंगाची, आन् लपायला शिकलेली, म्हणून ते तिच्या दारावरनं निघून जात्यात. किरणानं मोडलेली पेशी मरता मरता खुणा सोडती. त्या खुणेवर राखणदार थांबत्यात, गोळा व्हत्यात. कवा कवा लांबचं लपलेलंबी त्यांना वळखू येतं. पण कवा कवाच, असं बाई दोनदा म्हणाल्या. सगळ्यांच्यात व्हतंच असं न्हाई."

"आन् किरण राखणदारांना लागत न्हाई?"

"लागतो की. ते तर लई नाजूक. आसपासच्या चांगल्या कातडीमासालाबी लागतो, म्हणून मापानं देत्यात, रोज थोडं थोडं."

गेनूने आशेने विचारले, "मग ही सूज चांगली म्हणायची?"

"ते मला ठाऊक न्हाई, आन् तुलाबी न्हाई. ज्यांना कळतं त्यांना आजच फोन करून विचार. मी एवढंच सांगतो, गप हाय म्हणजे बरं हाय असं नसतं. ही पेटी गप होती, तेव्हाच आतनं सडत होती." मग तो हळू आवाजात म्हणाला, "काल धूर कुणासाठी करणार होतास? माश्यांसाठी?"

गेनूची मान खाली गेली. "मला सहन हुईना."

"सगुणा म्हणाली, शेक बंद करा?"

"न्हाई."

"तिला विचारलंस?"

वृद्धाने पेटीचे झाकण लावले आणि डसलेल्या मनगटावर ओली माती चोळत तो घराकडे निघून गेला.

घरी येऊन गेनूने आधी दवाखान्यात फोन लावला. पलीकडच्या परिचारिकेने सगुणाला ताप आहे का, श्वास घ्यायला त्रास होतो का, हे विचारले. तसे काही नाही म्हटल्यावर ती म्हणाली, "सोमवारी शेकाच्या आधी डॉक्टरांना मान दाखवा. गिळण्यासाठी औषध देतील. दम लागला किंवा ताप आला, तर थांबू नका, लगेच घेऊन या. आणि आपल्या मनाने शेक चुकवू नका."

मग तो सगुणासमोर जमिनीवर बसला.

"सगुणा, जायचं का थांबायचं? तुला काय वाटतं?"

तिचा आवाज खोल गेला होता. एकेक शब्द ती जपून काढत होती. "सतरा झाल्यावर इचारताय व्हय?"

"चुकलं माझं."

"मला लई भ्या वाटतं."

"मलाबी."

"ते दिसतंय. वाटी धरता तर हात असा हालतो, पेज माझ्या नाकात जाती."

गेनूला हसू आले आणि त्याच वेळी डोळे भरले. सगुणाने दोन बोटे मानेच्या सुजलेल्या जागेवर ठेवली, क्षणभर तशीच ठेवली, आणि म्हणाली, "जायचं. अर्ध्यात सोडून मी कुठं जाऊ? पर मला पुढच्या शिटावर बसवा. मागं गचके बसत्यात, मान फाटती माझी."

सतरा दिवस तिला मागे बसवून नेले, हे गेनूच्या ध्यानात आले. तो उठला आणि गाडीवाल्याच्या घरी जाऊन पुढची जागा सांगून आला.

सोमवारी अठरावा शेक झाला. सगुणाचे पुढे काय होणार, हे त्या दिवशी कोणालाच ठाऊक नव्हते. त्यानंतर मात्र, तिला दुखू लागले की गेनू ते कसे थांबेल याची घाई करीत नसे. तो जवळ बसे आणि आधी विचारी, कुठे दुखते.